नऊ दगडांची किनार

१

फेअरली मिल्सला येणाऱ्या पाहुण्याला टुरिस्ट ऑफिसात एक नकाशा मिळतो. त्यावर गावातल्या अकरा जुन्या जागा दाखवल्या आहेत. एक नंबरला नदीवरची पाणचक्की, दोनला दगडी पूल, तीनला जुना तुरुंग, जिथे आता कॉफी मिळते. चार नंबरला एका भिंतीवर पुराची रेघ कोरलेली आहे. मी काम करते ती जागा सहा नंबरची, ऑर्मिस्टन हाऊस. गिरणीमालकाचं घर, १८४६ सालचं.

माझं शिक्षण बारावीपर्यंत. संगमनेरला मी विणकामाचे क्लास घ्यायची. यजमान गेल्यावर माझ्या मुलीनं, गुंजननं, मला इकडे बोलावून घेतलं. ती आणि जावई निहार दोघंही नोकरीला कॅनडातल्या किचनर शहरात, पण घर त्यांनी या लहान गावात घेतलं. एकदा मी लायब्ररीत विणत बसले होते, तेव्हा ऑर्मिस्टन हाऊसची मॅनेजर ब्रेंडा समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, तू सुयांकडे न बघता विणतेस. महिन्याभरात मला नोकरी मिळाली.

काम सोपं आहे. साडेनऊला पोचायचं, पायघोळ झगा आणि एप्रन घालायचा, डोक्याला बॉनेट बांधायचं. फोन स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवायचा, कारण १८४६ साली फोन नव्हते. चूल पेटवायची, पडदे सारायचे, वरच्या मजल्यावरच्या बाळाच्या खोलीतली धूळ पुसायची आणि दहाला दार उघडून पाठ केलेलं बोलायचं. ते इंग्रजी मी देवनागरीत लिहून पाठ केलं होतं. त्यातली दोन वाक्यं लोकांना फार आवडतात. एक, मिसेस ऑर्मिस्टनना नऊ मुलं झाली आणि नऊच्या नऊ जगली. इथे थोडं थांबायचं, लोक ‘ओह’ म्हणतात. मग दुसरं. ही बाई मोठी दयाळू होती. कडेवर तान्हं मूल असलेल्या ज्या मुलींना कुणी कामाला ठेवत नसे, त्यांना ती शोधून शोधून आपल्याकडे ठेवून घेई.

दुसरं वाक्य बोलताना मला स्वतःलाच बरं वाटायचं. परक्या गावात कडेवर मूल घेऊन काम मागणं काय असतं, ते आपल्याला कळतं.

२

डिसेंबरात गुंजनला मुलगी झाली. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, तीन वेळा निराश झाल्यावर. कागदावर तिचं नाव रेवा लिहिलं. बारसं मात्र राहिलं. निहारचे आईवडील उन्हाळ्यात येणार, तेव्हा थाटात करू म्हणून ठरलं.

जानेवारीत मी कामावर परत गेले तेव्हा ब्रेंडानं नवा कार्यक्रम आखला होता. मी वरच्या खोलीत पाळण्याजवळ खुर्चीवर बसायचं, हातांनी विणायचं आणि पायानं पाळणा हलवायचा. जुन्या काळच्या बायका एका वेळी दोन कामं कशी करत, ते लोकांना दाखवायचं. पाळणा लाकडी आहे, खाली दोन बाकदार पट्ट्या आहेत. पट्टीवर पाय ठेवला की डुलतो.

“ब्रेंडा, आमच्यात रिकामा पाळणा हलवत नाहीत,” मी म्हटलं.

“हलवला तर काय होतं?”

घरात महिन्याचं मूल असताना ते माझ्या तोंडून निघेना. “चांगलं नसतं,” एवढंच म्हणाले.

“मग त्यात काहीतरी ठेव. पण प्लॅस्टिकची बाहुली नको, प्लीज. जे ठेवशील ते जुनं पाहिजे.”

मला बारशाचा वरवंटा आठवला. आपल्याकडे बाळाआधी पाळण्यात वरवंटा जातो. त्याला अंगडं-टोपडं घालायचं, पाळण्याच्या दोन्ही बाजूंना दोघी बायकांनी उभं राहायचं आणि एकीनं खालून, एकीनं वरून तो फिरवायचा. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मूल दगडासारखं घट्टमुट्ट व्हावं म्हणून, असं माझी आई सांगायची.

त्या आठवड्यात बर्फ थोडं वितळलं होतं. घराच्या मागे, नदीच्या उताराला, गोल दगडांची एक ओळ आहे. नकाशावर तिला सात नंबर आहे, ‘जुन्या बागेची किनार’. सगळे दगड एका मापाचे, वीतभराहून थोडे लांब, पाण्यानं गुळगुळीत झालेले. मी शेवटचा उचलला, गरम पाण्यानं धुतला, पुसला. पिशवीत रेवाची लाल टोपी होती. मीच विणलेली, हॉस्पिटलातून घरी येताना तिला घातलेली. लोकर टोचते म्हणून गुंजननं ती काढून माझ्याकडे दिली होती. दगडाला ती अगदी बरोबर बसली.

खोलीत कुणी नव्हतं. मला माझंच हसू आलं. दुसरी बाई नव्हती, म्हणून मी एकटीनंच त्याला पाळण्याच्या खालून घेतलं, वरून घेतलं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हटलं आणि दुलईत निजवलं.

३

पहिल्यांदा बोलले ते मॉन्ट्रियलहून आलेले एक म्हातारे नवरा-बायको. खाली स्वयंपाकघरात आल्यावर ते मला म्हणाले, “बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग फार खरं वाटतं. स्पीकर कुठे लपवला आहे?”

“स्पीकर नाही,” मी म्हटलं.

बाईनं डोळा मिचकावला. सांगायचं नसेल तर राहू दे, अशा अर्थानं.

मी वर जाऊन बघितलं. पाळणा जागच्या जागी, दगड दुलईत. दुलई पायाकडून जरा सरकलेली होती. हात लावला तर दगड कोमट लागला. खाली फ्लोअर व्हेंट आहे, गरम हवा तिथूनच येते. मी दुलई सारखी केली.

पुढच्या आठवड्यात शाळेची मुलं आली, आठ-नऊ वर्षांची. मी पाय हलवत, विणत, बोलत होते. दोन वेण्या घातलेली एक मुलगी पाहुण्यांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या अगदी जवळ उभी होती. ती मला मध्येच तोडून म्हणाली, “शी इज हंग्री.”

“कोण, बेटा?”

तिनं पाळण्याकडे बोट दाखवलं. बाकीची मुलं हसली नाहीत. त्यांच्या टीचरही पाळण्याकडे बघत होत्या आणि त्यांनी आपल्या छातीशी हात घट्ट धरला होता.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. आजही मी शपथेवर सांगेन, त्या पाळण्यातून मला कधी काहीही ऐकू आलं नाही.

दुपारी फ्रँकलिनभाऊ डबा घेऊन आले. ते मूळचे वसईचे, मार्कहॅम शहरातल्या एका कंपनीतून रिटायर झालेले, आता हौसेनं पाणचक्की सांभाळतात. या गावात माझ्याशी मराठीत बोलणारं घराबाहेरचं एकच माणूस.

“काय जयंतीबाई, गोऱ्यांच्या पोराला झोपवलं का?”

“तुम्हाला काय, चेष्टा सुचते.”

“चेष्टा कसली. पोरं पुलावरून जाताना मास्तरणीला विचारत होती, बेबीला आई का घेत नाही म्हणून. तुम्ही तोंडानं आवाज काढता की काय? पगार वाढवून मागा मग.”

मी हसले. अर्धा डबा मात्र तसाच झाकून ठेवला.

४

घरी सगळे खूश होते. रेवा रडायची थांबली होती.

“आई, माझ्या मैत्रिणी जळतात माझ्यावर,” गुंजन म्हणायची. “सहा-सहा तास झोपते. एकदासुद्धा कुरकुर नाही.” निहार म्हणायचा, “आई, तुमच्या तेल-अंघोळीची कमाल आहे.” डॉक्टरकडे वजन केलं तर तक्त्यातली रेघ सरळ वर चढलेली. डॉक्टरीणबाईंनी गुंजनच्या पाठीवर थाप मारली, किती छान वाढतंय म्हणून.

पण कपडे तेच येत होते. जन्माच्या आठवड्यातला झबला फेब्रुवारीतही तिला ढगळ व्हायचा.

सकाळी कामावर निघण्याआधी तिला न्हाऊ घालायचं काम माझं. बाथटबमध्ये प्लॅस्टिकचा स्टूल ठेवून बसते, पाय लांब करते आणि नडग्यांवर बाळाला पालथं घेते, जसं आपल्याकडे घेतात. गुंजनलाही मी असंच न्हाऊ घातलं होतं. एवढ्याशा पोराचं ओझं ते काय. पण जानेवारी संपता संपता रेवाला पायावर घेतलं की माझे दात आवळले जायचे. एक दिवस झगा घालताना बघितलं, दोन्ही नडग्यांवर काळेनिळे डाग पडले होते. पाट्यावर तासभर गुडघे टेकून बसावं, तसे.

माझं वय बावन्न. खांदा धरलेला. हाडं ठिसूळ झालीत असं डॉक्टरच म्हणाले होते. मी स्वतःला हे रोज सांगायची.

मग तेल. कोमट खोबरेल तिच्या पाठीवर चोळलं की पूर्वी दोन मिनिटांत जिरायचं. आता ते तसंच वर राहायचं, ओघळून खाली यायचं. गरम पाण्यातून काढलं तरी तिचे पाय गार. गुडघा दुमडायला गेलं तर दुमडायला नको म्हणायचा. आणि ती माझ्याकडे बघायची. रडायची नाही, नुसती बघायची. डोळे तेवढे तिचे होते.

“गुंजन, हिला परत दाखवू या का?”

“आई, प्लीज. पहिल्यांदा काहीतरी नीट चाललंय माझ्या आयुष्यात. दृष्ट नको लावूस.”

त्या दिवशी वरच्या खोलीत धूळ पुसताना मी पाळण्यातला दगड उचलला. दोन्ही हातांनी उचलायची तयारी ठेवली होती, आणि तो एका हातात वर आला. उशीसारखा. मी टोपीच्या खाली, जिथे गाल असता, तिथे अंगठा दाबला.

अंगठा जरासा आत गेला.

५

“फ्रँकलिनभाऊ, त्या मागच्या किनारीतले दगड कुठून आणलेत?”

ते चक्कीच्या दारात पीठ झटकत उभे होते. “नदीतून, दुसरं कुठून? का, एक कुणीतरी पळवलाय म्हणून विचारताय?”

“तुम्ही मोजलेत?”

“अहो, रिटायर माणूस, करतो काय. मोजतो. नऊ होते, आता आठ आहेत.” मग माझं तोंड बघून ते जरा गंभीर झाले. “तुम्ही नेलात?”

“पाळण्यात ठेवायला.”

त्यांनी नकळत छातीवर क्रूस केला. मग स्वतःच हसले. “नऊ पोरं, नऊ दगड. माझ्या मनात नेहमी यायचं. त्या काळात, नदीकाठी, दर उन्हाळ्याला साथ. सेमिट्रीत जाऊन बघा, प्रत्येक घराची दोन-चार बारकी थडगी आहेत. पाद्रीबाबांच्या घरची पाच. ह्या घरचं एकही नाही.”

“मग कामाला येत त्या मुली? त्यांची बाळं?”

“ती कुठे लिहिलीत कुणी?” फ्रँकलिनभाऊ म्हणाले. “मुलींची नावं आहेत घराच्या जुन्या वहीत. ब्रिजेट, सोबत तान्हं मूल. अ‍ॅन, सोबत तान्हं मूल. अशा नऊ. पुढच्या पानावर त्या एकेक करून काम सोडून गेल्या. तिथे तान्हं मूल असं लिहिलेलं नाही.”

मी बोटांवर नऊ मोजले.

“उचला तो, आणि जागेवर ठेवून या,” ते म्हणाले. “आमची बया, माझी आई, असती तर आधी तेच म्हणाली असती.”

६

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कुणी पाहुणे नव्हते. मी वर गेले. आधी टोपी काढू, ती आपली वस्तू, मग दगड खाली नेऊ, असं ठरवलं. टोपीची नाडी सोडली, टोपी ओढली. ती सहज निघाली नाही. आतून ओलसर होती, आणि तिच्या लोकरीत दोन-तीन बारीक काळे केस अडकले होते. रेवाचेच असणार. हॉस्पिटलातून येताना तिनं घातली होती ना.

टोपी एप्रनच्या खिशात घालून मी खाली आले, कारण दगड उचलायला फडकं हवं होतं. कपाटात फोन वाजत होता.

“आई!” गुंजनचा आवाज ओळखू येत नव्हता. “ती निळी पडलीय. श्वास घेत नाहीये. निहारनं नाइन वन वन लावलाय, आई, ती हलत नाहीये.”

मी काय विचार केला ते मला सांगता येणार नाही. मी जिना चढले. त्या झग्यात दोनदा पडले. टोपी दगडावर चढवली, नाडीची गाठ मारली, दुलई ओढली. फोन कानालाच होता. पलीकडे निहार आकडे मोजत होता, तिची छाती दाबत. मग मोजणं थांबलं.

“आला,” गुंजन म्हणाली. “आई, आला श्वास. देवा रे.”

हॉस्पिटलात त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं. पोटातलं दूध वर येत असेल म्हणाले, कधी कधी होतं असं. वजन उत्तम आहे म्हणाले. त्या दोन दिवसांत मी रजा घेतली नाही. दहा ते चार पाळण्यापाशी बसून राहिले. ब्रेंडाला वाटलं माझी कामावर किती निष्ठा.

योगायोगही असू शकेल. मी तसंच म्हणत होते. पण परत एकदा टोपी काढून बघायची माझी छाती नव्हती. आणि तशीच राहू द्यावी, तर रोज सकाळी नडग्यांवरचं ओझं वाढत होतं. रेवाच्या डोळ्यांची पापणी आता लवकर मिटत नव्हती. मिटली की लवकर उघडत नव्हती.

टोपी नुसती काढायची नाही, हे माझ्या ध्यानात यायला चार दिवस लागले. बदलायची.

हे मी वाचलं नाही, मला कुणी सांगितलं नाही. विणता विणता आपोआप मनात आलं, जसं टाके मोजताना पुढचा टाका येतो.

७

फॅमिली डे म्हणजे इथली फेब्रुवारीतल्या एका सोमवारची सुट्टी, त्या दिवशी प्रवेश मोफत असतो. दुपारी गर्दी पाणचक्कीकडे वळली, तिथे गरम पॅनकेक वाटतात. घर रिकामं झालं. तेवढ्यात जिन्यावरून कुणीतरी हळूहळू वर आलं. वीस-बावीस वर्षांची मुलगी, स्वस्तातलं जॅकेट, छातीशी बांधलेलं बाळ.

मी पायानं पाळणा हलवत पाठ केलेलं म्हणायला लागले. दोन वाक्यांत तिनं मला थांबवलं.

“काकू, तुम्ही मराठी आहात?”

“हो गं. कुठली तू?”

“येवला!” ती एकदम रडकुंडीलाच आली. “सॉरी काकू. तीन महिन्यांत आईशिवाय कुणी मराठी बोललं नाही माझ्याशी, तेही फोनवर.”

नाव श्रावणी. किचनरला कॉलेजात शिकायला आली, तिथेच लग्न केलं. नवरा चिराग वेअरहाऊसमध्ये आठवडाभर डबल शिफ्ट. पीआरचं, इथे कायम राहायच्या परवान्याचं, अप्लाय केलंय. बेसमेंटमध्ये एक खोली. बाळंतपणाला आईला व्हिसा मिळाला नाही. बसनं आली होती, कारण कुठेतरी जायचं होतं आणि इथे फुकट होतं.

“बाळाचं नाव काय?”

“पृथ्वीराज. ह्याच्या बाबांचा हट्ट. एवढंसं पोर, आणि नाव बघा, घोड्यावरून आल्यासारखं!” ती हसली. “बारसं नाही झालं पण. चिराग म्हणतो, काय करायचंय. मला वाटत होतं हो काकू. पण बायका कुठून आणू? आत्या नाही, मावशी नाही.”

मी तिच्या बाळाकडे बघितलं. तीन महिन्यांचा, मांड्यांना वळ्या पडलेल्या, तोंडाला लाळेची तार. माझ्याकडे बघून तो हसला. डोक्याला निळी टोपी होती.

त्या वेळी मी गप्प बसू शकले असते. तिला पॅनकेक खायला पाठवू शकले असते. मला सुटायला जागा नव्हती असं मी म्हणणार नाही. जागा होती, दारही उघडं होतं.

“इथेच करू या की,” मी म्हटलं. “पाळणा आहे. आपण दोघी आहोत. दोघी पुरतात.”

“खरंच? चालेल इथे?”

“मी कुणाला सांगणार आहे?”

मी दोरी सोडली. आपल्या बायका देवघरात शिरताना वाकतात तशी ती वाकून आत आली. पाळण्यात डोकावली आणि टाळीच वाजवली. “अगंबाई, वरवंटा पण आहे! टोपीसकट! काकू, तुम्ही पण ना.”

“हिची टोपी जुनी झाली,” मी म्हटलं. “बाळाचीच घालायची असते.”

“हो, हो. आमच्याकडेही बाळाचीच घालतात.” तिनं लगेच त्याच्या डोक्यावरची निळी टोपी काढली आणि माझ्यापुढे धरली. “घ्या काकू, तुम्हीच घाला.”

मी लाल टोपीची नाडी सोडली आणि ती निघायच्या आत निळी वरून ओढली. एक क्षणही डोकं उघडं पडू दिलं नाही. मग आम्ही दोघी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. ती गात होती, चुकत होती, हसत होती. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मी खालून दिला, तिनं वरून घेतला. दुसऱ्यांदा घेतला तेव्हा ती म्हणाली, “हलका आहे हो. मला वाटलं खरा दगड आहे.” तिसऱ्यांदा घेताना तिचे हात एकदम खाली गेले, आणि ती म्हणाली, “नाही, आहे बाई जड.”

मग पृथ्वीराजला मी पाळण्यात घातलं, दगडाशेजारी. तिनं त्याच्या कानाशी वाकून नाव सांगितलं. तो रडला नाही. येताना जिन्यावर किरकिरत होता, आता डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता.

“बघा, किती शहाणा झाला लगेच,” श्रावणी म्हणाली, आणि माझ्या पाया पडली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोंडातून आशीर्वाद आला. कोणता, ते आठवत नाही.

निघताना तिनं टोपीसाठी हात पुढे केला. “राहू दे इथे,” मी म्हटलं. “बारशाची टोपी परत घालत नाहीत.” असं काही नसतं. तिला ते माहीत नव्हतं, सांगायला जवळ कुणी नव्हतं. मी माझा स्कार्फ काढून त्याच्या डोक्याला गुंडाळला.

“काकू, नंबर द्या ना तुमचा. इथे माझं कुणीच नाही.”

मी नंबर सांगितला. शेवटचे दोन आकडे बदलून सांगितले.

“मिस कॉल देते.”

“फोन खाली कपाटात आहे गं. मी बघेन नंतर.”

८

ती दाराबाहेर गेल्यावर मी कपाट उघडलं. गुंजनचे चार मिस कॉल, आणि एक व्हॉइस मेसेज. त्यात आधी नुसता आक्रोश होता. लाल होऊन, श्वास कोंडून, परत फुटणारा, तान्ह्या मुलाचा रडण्याचा आवाज. पाच आठवड्यांत मी तो ऐकला नव्हता. मागे गुंजन हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. “आई, ऐक. ऐकतेयस ना? थांबतच नाहीये. भूक लागलीय गं तिला.”

मी तो मेसेज तीनदा ऐकला. चुलीसमोर बसून मी पोटभर रडले. त्या रडण्यात आनंदाशिवाय काही नव्हतं, हे खरं आहे आणि ते मला लिहिलंच पाहिजे.

मग खिडकीत गेले. श्रावणी पुलाकडच्या चढावर होती. बाळ आता येताना दाराशी ठेवलेल्या बाबागाडीत होतं. ती दोन पावलं ढकलायची आणि थांबायची. पुन्हा दोन्ही हातांनी, सगळं अंग लावून. एकदा तिनं वाकून चाकांत काही अडकलंय का बघितलं. काही अडकलेलं नव्हतं. चक्कीच्या दारातून फ्रँकलिनभाऊ धावत आले, त्यांनी पुढचा दांडा धरला, काहीतरी चेष्टा केली, ती हसली. मग उचलताना त्यांचं हसू थांबलेलं मला इथून दिसलं. त्यांनी वळून आमच्या घराकडे बघितलं.

मी पडदा ओढला नाही. तिथेच उभी राहिले. त्यांना दिसले असणार.

आता आमची रेवा गुटगुटीत आहे. रात्ररात्र जागवते, गुंजनच्या डोळ्यांखाली काळं आलंय. न्हाऊ घालताना लाथा मारून सगळं पाणी माझ्या अंगावर उडवते. माझ्या नडग्यांवरचे डाग गेले. फ्रँकलिनभाऊ डबा खायला येत नाहीत. रस्त्यात भेटले तर मान हलवतात आणि इंग्रजीत बोलतात.

श्रावणी गेली त्या दिवशी चार वाजता बंद करायच्या आधी ब्रेंडा म्हणाली (माझ्या नावातलं तिला एवढंच जमतं), “जे, वाटेवरचं बर्फ काढशील का? उद्या शाळेची मुलं येणार आहेत.” मी फावडं घेऊन बाहेर गेले. ताज्या बर्फात दारापासून पुलापर्यंत चाकांच्या दोन रेघा गेल्या होत्या, इतक्या खोल की खालची काळी माती वर आली होती.

मी आधी त्या बुजवल्या.